साडेअकरा दिवसांचा ग्रह

सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाणारी एसटी तलावाच्या पाळीशी थांबली, आणि खाली उतरताच निकेशला सर्वांत आधी दिसला तो स्वतःचाच चेहरा. पाळीवरच्या मोहाला बांधलेल्या फ्लेक्सवर तो चार फूट उंच उभा होता. ओळखपत्रावरचा जुना फोटो इतका ताणला होता की डोळ्यांचे चौकोनी तुकडे झाले होते. मागे निळ्याशार आकाशात कडं घातलेला शनी, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘नवीन ग्रह शोधणारे आपल्या गावचे सुपुत्र निकेश केवळराम मेश्राम यांना यंदाच्या पहिल्या हाकेचा मान. रविवार, सकाळी आठ वाजता. सर्वांनी उपस्थित राहावे.’

त्याने मान खाली घातली आणि पिशवी खांद्यावर घेऊन तो फ्लेक्सच्या मागच्या अंगाने निघाला. पण पाळीवर लपायला जागा अशी कधी नव्हतीच.

“आला का गा आमचा ग्रहवाला!” चहाच्या टपरीवरून टेकचंद ओरडला. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा तो अध्यक्ष. एकदा बोलायला लागला की त्याला थांबवायला दोन माणसं लागत. “काहून लपून राहिला बे? फोटो चांगला नाई आला का?”

“चांगला आला, टेकचंदभाऊ.”

“अन् मांगचा तो गोळा? तो तुयाच ग्रह होय नं?”

“नाई. तो शनी होय.”

“शनी!” टेकचंदने कपाळावर हात मारला. “फ्लेक्सवाल्याले म्हटलं होतं का बाप्पा एक चांगला ग्रह टाक. त्यानं जगातला सगळ्यात इचका ग्रह पाहून टाकला! मंग तुया कसा हाय दिसाले?”

“त्याचा फोटो नसते, भाऊ. तो दिसत नाई.”

“दिसत नाई तं तुले भेटला कसा?”

“त्याचा तारा हालते. त्याच्यावरून समजते.”

“हां! म्हंजे तुंबा हालला का खाली मासा हाय. असंच नं?”

“असंच,” निकेश म्हणाला. टेकचंदने मोठ्या समाधानाने आजूबाजूला पाहिलं, जणू आता खगोलशास्त्रात समजून घ्यायचं फारसं काही उरलं नव्हतं.

पहिली हाक म्हणजे काय, ते या गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. धान कापून झालं, तलावाचं पाणी उतरू लागलं की ढिवरांचं मोठं जाळं खोल भागात लावलं जाई. एक माणूस डोंग्यात उभा राहून जाळ्याच्या दोरावर तरंगणाऱ्या तुंब्यांकडे पाहत राही, आणि मासा लागल्याची खूण पटली की ‘लागला!’ अशी हाक देई. त्या एका हाकेवर चाळीस-पन्नास माणसं थंड पाण्यात उतरून दोर ओढत. मोसमातली पहिली हाक देणं हा मान होता. पण त्या मानाला एक ओझंही बांधलेलं होतं. हाक खोटी निघाली, जाळं रिकामं वर आलं, तर हाक देणाऱ्याला कुणी शिवी देत नसे, कुणी काही विचारत नसे. ते ओलं जाळं त्याच्या डोक्यावर ठेवत, आणि त्याने ते पाळीवरून, भर वस्तीतून घरापर्यंत न्यायचं. खोटी हाक ज्याची, ओलं जाळं त्याचं. निकेशच्या वडिलांनी, केवळरामने, आयुष्यात दोनदा ते वाहिलं होतं.

घरी जिजाने, त्याच्या मायने, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि तो पिऊन होण्याआधीच विचारलं, “बाबू, तुया ग्रहावर पानी हाय का?”

“नाई माय. लय गरम हाय तिथं.”

“मंग मासोळ्या नाईच,” ती खिन्नपणे म्हणाली, आणि थोड्या वेळाने, जणू त्या दूरच्या कोरड्या जगाला माफ करून, “असू दे. हाय तं खरा.”

हाय तं खरा. त्या तीन शब्दांनी निकेशच्या छातीत काहीतरी बारीकसं हललं. ऑक्टोबरमध्ये, आनंद मनात मावेना तेव्हा, त्यानेच फोनवर मायला म्हटलं होतं, ‘मले एक ग्रह भेटला.’ आयुष्यभर जपून बोलणाऱ्या त्या मुलाचं ते एक वाक्य मायने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने टेकचंदला, आणि टेकचंदने फ्लेक्सवाल्याला.

*

ज्या ताऱ्याने त्याची चार वर्षं घेतली, त्याला नाव नव्हतं, फक्त यादीतला क्रमांक होता. शौरी तारकासमूहात, नव्वद प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. निकेशने त्याला कधीही पाहिलं नव्हतं. डोंगरावरच्या दुर्बिणीत पडलेला त्याचा प्रकाश केसाएवढ्या काचेच्या तंतूतून खाली एका बंद खोलीत उतरे. त्या खोलीत माणसाने शिरायचं नसे, कारण माणसाच्या अंगाच्या उबेनेही मोजमाप ढळतं. तिथल्या अंधारात तो प्रकाश पसरून त्याचा एक लांबलचक रंगपट्टा होई. इतका लांब की साधं इंद्रधनुष्य त्यापुढे चिंधीसारखं वाटावं. आणि त्या पट्ट्यावर, एखाद्या झाडाच्या खोडावर वर्षांची वर्तुळं असावीत तशा, हजारो बारीक काळ्या रेषा. लोखंडाच्या, कॅल्शियमच्या, टायटॅनियमच्या. प्रत्येक अणू आपला रंग गिळतो आणि जागा काळी ठेवून जातो. नव्वद वर्षांपूर्वी, आजोबा या पाळीवर बसून बापाच्या हाताखाली डोंगा कोरायला शिकत होते तेव्हा, त्या दूरच्या लोखंडाने जो रंग गिळला, त्याची उणीव आज बंगळूरच्या संस्थेतल्या एका मुलाच्या संगणकावर उमटत होती. निकेशला पहिल्या वर्षी या विचाराने चक्क भीती वाटली होती. आता वाटत नसे. आणि ती वाटेनाशी झाली याचंच त्याला कधीकधी वाईट वाटे.

त्या रेषा हलत होत्या. तारा आपल्याकडे सरकला की निळ्याकडे, दूर गेला की तांबड्याकडे. हालचाल इतकी नगण्य की कॅमेऱ्याच्या एका ठिपक्याच्या शंभराव्या हिश्शातही ती भरत नसे. पण दोन मोसमांची निरीक्षणं एकावर एक ठेवल्यावर दिसत होतं, की दर साडेअकरा दिवसांनी तारा सेकंदाला चार मीटर वेगाने जवळ येतो आणि तितक्याच वेगाने दूर जातो. घाईत नसलेला माणूस सायकलवरून जातो, तेवढा वेग. एवढा प्रचंड जळता गोल सायकलच्या वेगाने झुलतो, म्हणजे न दिसणारं कुणीतरी त्याच्याभोवती फिरत त्याला ओढत असलं पाहिजे. ग्रह.

ग्रह, किंवा दुसरं काहीतरी. ते दुसरं काय असू शकतं, हे तृप्तीने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. तृप्ती त्याच संस्थेत ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्रांवर काम करी. त्याच्याच जिल्ह्यातल्या जवाहरनगरची, वडील आयुध निर्माणीत, लहानपण क्वार्टर्समध्ये आणि फॅक्टरीच्या बसच्या वेळापत्रकात गेलेलं. संस्थेच्या कॅन्टीनमध्ये एकदा निकेशच्या तोंडून चुकून ‘मले’ निघालं, आणि पलीकडच्या टेबलावरून ती हसली. तेव्हापासूनची ओळख. ओळखीच्या पुढे जाण्याएवढे शब्द निकेशला अजून सापडले नव्हते.

“तुया तारा स्वतःभोवती किती दिवसांत फिरते?” तिने विचारलं होतं.

“तेवीसच्या आसपास.”

“अन् ग्रह साडेअकराचा. तेवीसचं अर्धं किती होते रे?”

ताऱ्याचं चुंबकत्व जिथे दाटतं तिथे त्याच्या अंगावर काळे डाग पडतात. ते डाग ताऱ्याबरोबर फिरत समोर येतात, आड जातात आणि जाताजाता रेषांचा आकार किंचित वाकवतात. मोजणाऱ्याला वाटतं, ताराच हलला. डागांचे दोन समूह समोरासमोर असतील, तर तो भास अर्ध्या फेरीतच पुन्हा येतो. हे सगळं निकेशला ठाऊक होतं. “योगायोग असू शकते,” तो एवढंच म्हणाला होता. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी एक फाइल मात्र पाठवली: कोणती रेष चुंबकत्वाला किती दाद देते, त्याची यादी. खाली लिहिलं होतं, ‘लागली तं पाहजो.’ ती फाइल त्याने उघडली नाही. त्यानंतर तो तिच्याशी बोलायचंच टाळू लागला. तिने विचारलेला प्रश्न त्याला खरं तर स्वतःला विचारायचा नव्हता.

गावी आला त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, तो अंगणात बसला असताना मार्गदर्शक मॅडमचा निरोप आला. सोमवारी शोधनिबंध पाठवते आहे, शेवटचं एकदा वाचून घे. शौरी आता सूर्याच्या बाजूला गेला होता. फेब्रुवारीपर्यंत नवं निरीक्षण मिळणार नव्हतं. जे काही होतं ते हातातल्या संगणकातच होतं. त्याने निबंध तीनदा वाचला. एकही शब्द चुकीचा नव्हता.

*

शुक्रवारी पहाटे तो वडिलांबरोबर डोंग्यात बसला. तलावावर धुक्याचा पातळ थर होता आणि पाणी शिळं होऊन थंड पडल्यासारखं वाटत होतं. केवळराम न बोलता वल्हवत होता. ही न बोलण्याची रीत बापलेकांत सारखीच. फरक इतकाच, की बापाला तिचं ओझं होत नसे.

खोल भागात त्यांचं घरचं लहान जाळं लावलेलं होतं. दोरावर ओळीने तुंबे: वाळलेल्या भोपळ्याचे, मध्येच पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, मध्येच जुन्या रबरी चपलांचे कापलेले तुकडे. लहानपणापासून निकेशला या दोराची लाज वाटे. जे मिळालं ते बांधलं, असं त्याला वाटायचं. इतर गावांतल्या जाळ्यांवर एकसारखे पांढरे तुंबे असत.

सूर्य वर आला. दोरावर एकदम हालचाल झाली.

“लागला!” निकेश ओरडला, आणि स्वतःच्या आवाजाने दचकला.

केवळराम खो खो हसला. “कायचा लागला बे? हवा होय ते.”

“पन तुंबे हालून राहिले नं, बाबा.”

“हालून राहिले, ते तं आंधळ्यालेई दिसते. कोनते कितीक हालून राहिले, ते पाय.”

निकेशने पाहिलं. बाटल्या नाचत होत्या. भोपळ्याचे तुंबे डुलत होते, पण आळसात. चपलांचे तुकडे जवळजवळ जागच्या जागी पडून होते.

“बाटली पान्याच्या वर निंगते, तिले हवा लागते,” केवळराम म्हणाला. “चप्पल पान्यात पडून रायते, तिले हवा का करन? पन मासा लागला, तं तो दोर ओढते. दोराले का मालूम बाटली कोन अन् चप्पल कोन? तो सगळ्यायले एकाच मापानं घेऊन जाते.”

“म्हनून तुमी येगयेगळे तुंबे बांधता?”

“मंग? सगळे एकसारखे असते तं समजलं कसं असतं?”

तो वल्हं पाण्यात टाकून पुढच्या दोराकडे वळला. आपण काही विशेष बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. निकेश मात्र डोंग्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता.

सगळे एकसारखे असते, तर समजलं कसं असतं? आणि त्याने नेमकं तेच केलं होतं. एकेक रेष फार क्षीण म्हणून, नेहमीच्या रीतीने, त्याने तीन हजार रेषा एकत्र मिसळून त्यांची एकच सरासरी रेष केली होती, आणि ती सरासरी साडेअकरा दिवसांनी हलते एवढंच पाहिलं होतं. तीन हजार वेगवेगळे तुंबे देवाने आधीच दोराला बांधून ठेवले होते. काही रेषा चुंबकत्वाने फाकतात, रुंद होतात. काहींना त्याचा स्पर्शही कळत नाही. ग्रह ओढत असेल तर तो अख्खा तारा ओढतो, आणि साऱ्या रेषांना एकाच मापाने हलावं लागतं. वारा असेल तर फक्त बाटल्या नाचतील.

“बाबा, डोंगा फिरवा.”

“काहून? जाळं पाहाचं हाय अजून.”

“मले घरी जाचं हाय.”

केवळरामने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डोंगा वळवला.

*

घरात मायचा धान पाखडायचा पसारा होता, म्हणून तो संगणक घेऊन पाळीवर येऊन बसला, आणि सावली म्हणून नेमकी फ्लेक्सच्या मागची जागा त्याच्या वाट्याला आली. उन्हातून गाळून येणारा निळा रंग त्याच्या हातांवर पडला होता. मांडीवर उलटा शनी.

तृप्तीची फाइल त्याने उघडली. चार महिन्यांनी. हजारो रेषा, आणि प्रत्येकीपुढे एक लहानसा आकडा: चुंबकत्वापुढे ही किती हळवी आहे. त्याने रेषांचे दोन ढीग केले, हळव्या आणि निर्विकार. मग दोन्ही ढिगांचा झोका वेगवेगळा मोजायला लावला.

हिशेबाला तासभर लागला. तेवढ्या वेळात दोन बगळे आले, एक गेला. टपरीवरून टेकचंदचा आवाज येत होता. तो कुणाला तरी शनी आणि ग्रह यांतला फरक समजावून सांगत होता.

मग पडद्यावर दोन वक्ररेषा आल्या.

हळव्या रेषा सेकंदाला सात मीटरने झुलत होत्या. निर्विकार रेषा जवळजवळ हलतच नव्हत्या.

त्याने खात्रीसाठी ढीग मोडले आणि रेषा डोळे मिटून वाटाव्यात तशा वाटल्या, कुठलीही कुठेही. पुन्हा हिशेब. आता दोन्ही ढिगांत चार आणि चार. म्हणजे फरक गोंधळातून आलेला नव्हता. तो ताऱ्यावरच होता. बाटल्या नाचत होत्या आणि चपला पडून होत्या.

ग्रह नव्हता.

तो कधीच नव्हता. ज्याच्या तापलेल्या दगडांची, एका बाजूच्या न संपणाऱ्या दिवसाची आणि दुसऱ्या बाजूच्या न संपणाऱ्या रात्रीची त्याने दोन वर्षं कल्पना केली होती, ज्यावर पाणी नाही हे सांगताना त्याला काल मायपुढे अपराधी वाटलं होतं, ते सबंध जग कुठलाही आवाज न करता मिटलं. कुणी मेलेलं नसताना सुतक लागावं, तसं त्याला वाटलं.

पण पडद्यावरून नजर हटेना. कारण ती वरची रेष, ती सात मीटरची, तीही काहीतरी होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याला कळू लागलं की आपण काय पाहतो आहोत. नव्वद प्रकाशवर्षांवरच्या एका गोळ्याच्या पोटात काहीतरी वळतं आहे, पिळवटतं आहे, आणि त्याच्या अंगावर, इथल्या अख्ख्या पृथ्वीसारख्या कित्येक पृथ्व्या गिळतील एवढे काळे डाग उठवतं आहे. ते डाग तेवीस दिवसांत एक फेरी घेतात. त्या चुंबकत्वाला रंग नाही, वजन नाही, आवाज नाही. या विश्वात त्याची खबर देणारं कुणी असेल, तर त्या तप्त वाफेतला एक लोखंडाचा अणू, जो त्याच्या स्पर्शाने किंचित थरारतो. आणि ती थरथर नव्वद वर्षं अंधारातून, वाटेत कुणाशीही न बोलता चालत आली, केसाएवढ्या काचेतून उतरली आणि इथे, सिहोऱ्याच्या पलीकडच्या एका तलावाच्या पाळीवर, उलट्या शनीच्या सावलीत, त्याच्या मांडीवर येऊन बसली. वारा! एका ताऱ्यावरचा वारा त्याला दिसत होता.

पहिल्या वर्षीची ती भीती परत आली होती. त्याने तिला ओळखलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

त्याने तृप्तीला फोन लावला.

“बोल,” ती म्हणाली. चार महिन्यांनी, पण आवाजात रुसवा नव्हता.

“तुयी फाइल उघडली मी.”

“अन्?”

“सात अन् जवळपास शून्य.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, “सात? एवढा साफ फरक? निकेश, असा फरक लय कमी ताऱ्यांत दिसते.” तिचा श्वास लागल्यासारखा झाला होता. “तू रडून राहिला का?”

“थोडासा.”

“ग्रहासाठी?”

“आधी ग्रहासाठी होतं. आता मालूम नाई कायच्यासाठी.”

“मॅडमले सांगतलं?”

“आता लिहितो.”

“लिही. अन् ते दोन वक्र मले धाड. आत्ताच्या आत्ता.” मग, फोन ठेवताठेवता, “चार महिने लावले बे तू. एक फाइल उघडाले. आमच्या जवाहरनगरची बसई इतका उशीर करत नाई.”

तो हसला. किती दिवसांनी, ते त्यालाही आठवेना.

मॅडमचं उत्तर दुपारी आलं. ‘बरं झालं आत्ता कळलं. निबंध थांबवते. सोमवारी नव्याने बोलू.’ तिथलं काम दोन ओळींत मिटलं. इथलं मात्र चार फूट उंच, मोहाच्या झाडाला बांधलेलं होतं.

*

संध्याकाळी केवळराम अंगणात बसून मोठ्या जाळ्याची फाटकी घरं विणत होता. निकेश त्याच्यासमोर बसला.

“बाबा, तो ग्रह नाई.”

सुई थांबली. “नाई म्हंजे?”

“तिथं ग्रह नाईच. हवा होती. बाटल्याच हालून राहिल्या होत्या. मी सगळ्यायले एकत्र मोजलं, म्हनून मले समजलं नाई.”

केवळराम जाळ्याकडे पाहत राहिला. गेले दोन महिने तो तुमसरच्या बाजारात, सिहोऱ्याच्या दुकानात, जिथे कुणी उभं करून घेईल तिथे मुलाच्या ग्रहाबद्दल बोलला होता. जन्मभर न बोललेलं सगळं त्याने त्या दोन महिन्यांत बोलून टाकलं होतं.

“दुसऱ्या कोनाले समजलं असतं का? तू सांगतलं नसतं तं?”

“एकदोन वर्षांनी कोनाले ना कोनाले समजलंच असतं.”

“एकदोन वर्षांनी,” केवळराम स्वतःशी म्हणाला. त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. “मी दोन डाव वायलो ते जाळं. पयल्या डावाले तुया जन्म नोयता. दुसऱ्या डावाले तू मायच्या कडेवर होता, अन् मले पाहून हासत होता.” त्याने सुईत नवा दोरा ओवला. “मान दोन दिवस दुखते. मंग नाई दुखत.”

*

रविवारी पाळीवर सारी वस्ती जमली होती. टेकचंदने हार आणला होता, भाषण आणलं होतं, आणि फ्लेक्सवरच्या शनीच्या कड्यावर पांढरा कागदही चिकटवून घेतला होता.

हार गळ्यात पडण्याआधीच निकेश पुढे झाला. वर्गात, परिषदेत, कुठेही त्याने इतक्या लोकांसमोर आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

“मले एक सांगाचं हाय. मी ज्या ग्रहाची हाक देली होती, तो ग्रह नाई. माझी हाक खोटी निंगाली.”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि कुजबुज पाळीभर पसरली.

“थांबा, थांबा!” टेकचंदच्या हातात हार तसाच होता. “नाई म्हंजे कोठी गेला? परवा तं होता!”

“नोयताच, भाऊ. ताऱ्यावर चुंबकासारखी ताकत रायते. त्या ताकतीनं तसं दिसत होतं. तुंबे हवेनं हालत होते.”

“अरे, मंग ते तं मोठ्या मोठ्या लोकायलेई होते! त्याच्यासाठी मान काहून सोडतं? बोला ना, मंदाबाय.”

मंदाबाई वस्तीतली सर्वांत जुनी मासे विकणारी; तिच्या जिभेला टेकचंदही भीत असे. ती टोपलीवर बसली होती. “मान सोडाले कोन म्हनते?” ती म्हणाली. “हाक आंधी देऊ दे. पन एक खोटी हाक देली त्यानं, तं जाळं वाहान तो.”

“मावशी, तो नेम मासोळीचा हाय. आभाळाचा नाई!”

“हाक ते हाक,” मंदाबाई म्हणाली. “पोट्ट्यानं सोता सांगतलं, तुले काहून इतकं दुखून राहिलं?”

लोक हसले, आणि त्या हसण्यात निकेशला वाटलं तेवढी धार नव्हती.

तो डोंग्यात जाऊन उभा राहिला. बराच वेळ गेला. वारा आला, बाटल्या नाचल्या. काठावरून कुणीतरी “आता?” म्हणून विचारलं. त्याने हाक दिली नाही. वारा पडला. मग पाण्याखालून काहीतरी आलं आणि दोराच्या मधला सबंध भाग, बाटल्या, भोपळे, चपला, सगळं सगळं एकाच मापाने, एखाद्याने मान डोलवावी तसं, खाली गेलं आणि वर आलं.

“लागला!”

पन्नास माणसं पाण्यात उतरली.

जाळं वर आलं तेव्हा त्यात रोहू होते, कतला होते, आणि कोवळ्या उन्हाचा धातूसारखा लखलखाट. बायकांनी टोपल्या भरल्या. वाटे घालता घालता सूर्य माथ्याकडे सरकला. मग मासे काढून झालेलं ते भिजून जड झालेलं जाळं चौघांनी उचललं आणि निकेशच्या डोक्यावर ठेवलं. मान खांद्यात रुतली. गाळाचा, शेवाळाचा, माशांच्या खवल्यांचा वास. थंड पाण्याच्या धारा कानांमागून पाठीवर उतरल्या.

तो पाळीवरून निघाला. मागे सारी वस्ती, पुढे पायांखालची माती, तेवढीच त्याला दिसत होती. थोड्या अंतरावर केवळराम येऊन त्याच्या बाजूने चालू लागला. जाळ्याला त्याने हात लावला नाही. तसा नेम नव्हता.

“अन् तो तारा?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “तो तं खरा हाय नं?”

“तो खरा हाय.”

“अन् त्याच्यावरची ते हवा?”

“तेई खरी हाय, बाबा. आजपावतर कोनी पायली नोयती.”

“रातच्याले दाखवजो मले. कुठी रायते तो?”

“या महिन्यात रातच्याले तो आभाळात नसते. दिवसाच वर येते.” निकेशने क्षणभर हिशेब केला. डिसेंबर, दुपारचे बारा. “आत्ता तो आपल्या डोक्यावर हाय. सूर्य दक्षिनेकडे कलला हाय नं? तो नाई कलला. अगदी नीट वर.”

केवळरामची पावलं थांबली. त्याच्यामागे मंदाबाईची, जिजाची, टेकचंदची. काय झालं म्हणून मागच्यांनी विचारलं, आणि पुढच्यांनी सांगितलं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे पाळीच्या टोकापर्यंत गेलं. टोपल्या खाली ठेवून, डोळ्यांवर आडवे हात धरून, सारी वस्ती त्या रिकाम्या, निळ्या, भर दुपारच्या आभाळाकडे पाहू लागली. फ्लेक्सची एक दोरी सुटून फडफडत होती, तेवढाच आवाज.

“दिसते का काई?” टेकचंद हळू आवाजात म्हणाला.

“गप राय,” जिजा म्हणाली. “हाय तो.”

एकट्या निकेशला वर पाहता येत नव्हतं. ओल्या जाळ्याखाली मान वाकवून तो उभा होता, आणि जाळ्यातून निथळणारं पाणी त्याच्या पायांशी मातीत जिरत होतं.